घरटी एक माणूस

मी पनवेलच्या एका पतपेढीत वसुलीला आहे, अठरा वर्षं. ज्या कागदावर सही नाही तो कागद मी मानत नाही आणि जी गोष्ट कागदावर नाही ती तर अजिबातच नाही. या ग्रुपवर मला नणंदेने ॲड केलं. इथल्या दोन-तीन अनुभवांवर मी खवचट कमेंट्सही टाकल्या होत्या – "झोप पूर्ण घ्या" वगैरे. त्या लोकांची आधी माफी मागते, मग माझं सांगते.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीकाठी. नाव देत नाही. म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या ज्या सेंटरबद्दल लिहिणार आहे त्याचंही देत नाही, कारण तिथल्या लोकांची काही चूक नाही. उलट माझ्या वडिलांना त्यांनी माझ्यापेक्षा जास्त सांभाळलं आहे.

आमच्याकडे भातशेती खाडीला लागून. भरतीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून काठाने मातीचा लांबलचक बांध असतो. बाबांचं सगळं आयुष्य त्या बांधावर गेलं. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड पडली की गावात डबा वाजायचा, सगळे जमायचे आणि जाणता माणूस वरच्या आळीपासून एकेका घराचं नाव पुकारायचा. घरटी एक माणूस. ज्या घराचं नाव येईल त्याने "हाय" म्हणायचं. एकदा हाय म्हटलं की माघार नाही, त्या माणसाने पाण्यात उतरायचं आणि हातोहात चिखलाची ढेकळं देत खांड बुजवायची.

मी जन्मले त्या दिवशी अशीच मोठी खांड पडली होती. आईची अवस्था वाईट होती म्हणून बाबा गेले नाहीत. पुकारा आमच्या घरावर आला तेव्हा शेजारचे दामूकाका म्हणाले, "त्याची बायको अडलीय, त्याचे जागेवर मी दोन मान्सांचा काम करतो." दामूकाका परत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी बांधाच्या आतल्या बाजूला चिखलात सापडले. बाबा हे फारसं बोलायचे नाहीत, पण माझ्या प्रत्येक वाढदिवसाला दामूकाकांच्या घरी तांदूळ जायचे. "आमचे घरचा एक मानूस बाकी हाय," एवढंच म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी एफडीच्या कागदावरची सही जुळेना. बँकेतला मुलगा म्हणाला, मॅडम, ही सही वेगळी आहे. मी त्याच्याशी भांडले, आणि घरी येऊन बघते तर बाबा तीन कागदांवर तीन वेगळ्या सह्या करून बसलेले. मग गॅस चालू राहिला. मग एक दिवस कामोठ्याच्या आमच्या फ्लॅटमधून निघाले ते हायवेच्या डिव्हायडरवर बसलेले सापडले. आणि मग मी त्यांना परकी झाले. मी चहा घेऊन गेले की अदबीने विचारायचे, "मॅडम, तुमी कोनचे घरच्या?"

"तुमच्याच घरची, बाबा."

यावर ते हसायचे. ओळख नसलेल्या माणसाच्या विनोदावर आपण हसतो ना, तसं. चौदा महिने मी हे हसू बघितलं. नवस बोलणारी मी नव्हे, पण रोज बसमध्ये मनातल्या मनात म्हणायचे, एकदा, फक्त एकदा मला नावाने हाक मारू दे.

सेंटर शोधायला निघालात कधी? कुणावर येऊ नये अशी वेळ. पनवेलचं एक बघितलं, आत शिरताच फिनेलचा वास आणि टीव्हीसमोर खुर्च्यांना बांधून बसवलेली माणसं. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पेशंट भटकतो का?" हो म्हटलं तर रेट बदलला. डिपॉझिट वेगळं, डायपर वेगळे, स्वतंत्र अटेंडंट हवा तर त्याचे वेगळे, आणि मेडिक्लेममध्ये यातलं काही बसत नाही. दादाचे दोन ट्रेलर उरणला चालतात, त्यांचे हप्ते चालूच. तो म्हणाला, "रंजे, तू बोलशील तवरा देतो, पन पैशांचा आकरा मना महिन्याचे आधी सांग."

शेवटी मांडव्याच्या रस्त्यावरचं हे सेंटर मिळालं. नवीन बिल्डिंग, बारा पेशंट, रेट बाकीच्यांपेक्षा बराच कमी. खिडकीतून खाडी दिसते. मला वाटलं, बाबांना ओळखीची हवा मिळेल. वसुलीवाली बाई मी, इतक्या कमी रेटचं कारण विचारायला हवं होतं. नाही विचारलं. सुटल्यासारखं वाटलं होतं, खरं सांगते.

दीड महिन्याने तिथल्या सिस्टरचा फोन आला. "ताई, बाबा फार अस्वस्थ होतात. रोज एकदा दिवसा, एकदा रात्री. स्वतंत्र अटेंडंट लावावा लागेल." डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं की अशा पेशंटना संध्याकाळी बेचैनी येते. मी म्हटलं, संध्याकाळीच ना? ती म्हणाली, "नाही ना... वेळ ठरलेली नाही." पैसे मागतेय तर हिशोब दे, हा माझा स्वभाव. मी तिला पंधरा दिवसांच्या वेळा लिहून पाठवायला सांगितल्या.

व्हॉट्सॲपवर यादी आली. पहिल्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी पावणेदहा, तिसऱ्या दिवशी साडेदहा. रोज पाऊण तास पुढे. मी ऑफिसात होते, समोरचा वसुलीचा कागद बाजूला ठेवला. लहानपणी बाबांनी शिकवलेलं एकमेव गणित – तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भिंतीवरचं कॅलेंडर काढून ताळा केला. पंधराच्या पंधरा वेळा जुळल्या.

मी स्वतःची समजूत घातली. आयुष्यभराची सवय आहे, अंगात मुरलेली. खाडीचा वास येत असेल, आवाज येत असेल. सिस्टरला फोन करून हेच सांगितलं. ती उठून बाहेर गेली, दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ताई, तुमचे बाबा एकटे नाहीत. सगळेच उठतात. मालक म्हणाले, नातेवाइकांना सांगू नका. तुम्ही रविवारी या."

रविवारी द्वितीया होती. म्हणजे दीड वाजता. मी एकला पोचले. लख्ख ऊन, जेवणं चालू, वरण-भात आणि दुधीची भाजी. बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "मॅडम, तुमी कोनचे घरच्या?" मी उत्तर दिलं, ते हसले. त्यांच्या शेजारी मंजुलाबेन होत्या, जन्म घाटकोपरला गेलेला, गुजराती सोडून बोलत नाहीत. पलीकडे पुण्याचे एक निवृत्त लष्करी अधिकारी. ते तर वर्षभर एक शब्दही बोलले नव्हते.

एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी अधिकाऱ्यांनी चमचा खाली ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवला. खुर्च्या मागे सरकल्या. बाराही जणांनी चपला काढल्या, एकाशेजारी एक नीट ठेवल्या आणि पायजमे, साड्या, गाऊन गुडघ्यापर्यंत वर खोचले. ज्यांना सकाळी दात घासायला दुसरं माणूस लागतं ती ही माणसं! मग खाडीकडच्या भिंतीसमोर एका रांगेत उभी राहिली आणि वाकून काहीतरी उचलून शेजारच्याच्या हातात द्यायला लागली. हात रिकामे होते. पण घेताना प्रत्येकाचे खांदे वजनाने खाली जात होते.

मी सिस्टरचा हात घट्ट धरला होता. ती पुटपुटली, "आज ते नावं घेतील. दोन दिवस झाले, घेतात."

मंजुलाबेन भिंतीला पाठ करून उभ्या राहिल्या. आवाज त्यांचाच होता, बारीक, पण बोली आमची. अस्सल आगरी, आजकाल आमच्या घरातही कुणी बोलत नाही अशी.

"खांड परली. पानी आत आयलं. वरचे आळीचे?"

"हाय," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"हिरीवरचे?"

"हाय."

माझ्या गावातली घरं होती ती. त्याच क्रमाने. घाटकोपरची बाई माझ्या गावातली घरं पुकारत होती.

"दामूचे?"

लष्करी अधिकारी ताठ उभे राहिले. "हाय. मी दोनदा उतरलू," ते म्हणाले. स्वच्छ, ठणठणीत आवाजात. सिस्टरच्या तोंडून किंकाळी निघाली. त्यांचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता.

"चिंचेखालचे?"

चिंचेखालचे म्हणजे आम्ही. सगळ्यांचे हात थांबले. मंजुलाबेननी पुन्हा विचारलं, "चिंचेखालचे... तुमचा कोन?"

बाबा वळले. खोलीभर नजर फिरवली आणि माझ्यावर येऊन थांबले. इतक्या महिन्यांनी त्या डोळ्यांत मी होते. ते हसले, आपल्या माणसाकडे बघून हसतात तसं, आणि म्हणाले, "ही काय, माजी रंजना."

आता वाचताना तुम्हाला वाटेल, बाई, तू पळायला हवं होतंस. मला सगळं माहीत होतं. पुकारा माहीत होता, दामूकाका माहीत होते. पण बाबांनी नाव घेतलं हो! माझ्या तोंडून शब्द निघून गेला.

"हाय, बाबा. मी हाय."

बाराही जणांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. काम झाल्यावर हलवतात तशी. मग एकेक जण चपला घालून परत टेबलाशी गेला. मंजुलाबेन गुजरातीत म्हणाल्या की भात गार झालाय.

दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो हसण्यावारी नेईल अशी आशा होती. पण त्याने एवढंच विचारलं, "तू हाय बोललीस?"

"बोलले."

त्याने ट्रेलर बाजूला घेऊन इंजिन बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "त्या सेंटरची मागची भित हाय ना, तीच आपल्या बांदाची लाइन. भराव टाकून बिल्डिंग केलीन, म्हनून तुला वलखली न्हाय. दामूकाका थयीच गावला व्हता. मना वाटला, आता जमीन हाय नुसती, तुला कशाला सांगू..." मग आवाज बदलून म्हणाला, "तिकरं परत जाव नको, रंजे."

त्या दिवसापासून सेंटरमध्ये कुणी उठत नाही. बाबा शांत जेवतात, शांत झोपतात. मध्ये लावलेला स्वतंत्र अटेंडंट काढला, बिल कमी झालं. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, कधीकधी पेशंटना अचानक एखादी ओळख परत येते. बाराजणांचं विचारलं तर म्हणाले, एकमेकांचं बघून करत असतील. मंजुलाबेनना माझ्या गावातली घरं कशी माहीत, असं विचारलं तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बाबांना दुसरीकडे हलवायचं धाडस होत नाही. तिथे पुन्हा पुकारा सुरू झाला तर या वेळी कुणाचं नाव घेतील?

तीन महिने झाले, मी तिथे गेलेली नाही. एक तारखेला पैसे ऑनलाइन भरते. नातेवाईक म्हणतात, बापाला टाकून दिलं. म्हणू देत. बाबा मला ओळखायला लागले आहेत आणि मी त्यांना भेटू शकत नाही, हे कुणाला सांगणार?

बिचारी सिस्टर, तिला वाटतं ती माझ्यावर उपकार करते आहे. रोज भरतीच्या वेळेला बाबा माझं नाव काढतात म्हणून ती लगेच फोन लावून त्यांच्या कानाला देते. ते फक्त एकच प्रश्न विचारतात, लाडाने, मी लहान असताना शाळेतून घरी यायला उशीर झाला की विचारायचे तसं.

"रंजना, निंगालीस का गो?"

"न्हाय बाबा," मी म्हणते. "अजून न्हाय."

"बरा. पन ये."

आज पंचमी. पावणेचारला फोन येईल.