बाकावरचे पाच जण

एका वर्षात मी किती कोडी सोडवली हे खरं सांगितलं तर तुम्ही मला फेकाड्या म्हणाल, म्हणून कमी करून सांगतो: चाळीस हजार. पटत नसेल तर हवी तेवढी वजा करा. पण वर्षभर माझ्या पोटात जो गोळा होता, त्यातलं काही वजा करू नका. तो अस्सल होता. सकाळी पेज पिताना तो एवढा वर यायचा की पेज त्याला वळसा घालून खाली जायची.

झालं असं की मी नागपुरातून बी.ए. झालो. थर्ड क्लास, पण झालो. आता वकील व्हायचं होतं. त्या काळी लॉ कॉलेजात फी भरली की बसायला जागा मिळायची. पण सकाळी वर्ग घेऊन दिवसा नोकरी करू देणारं कॉलेज मला एकच ठाऊक होतं, आणि त्याच्या प्राचार्यांना नेमकं माझ्याच साली खूळ लागलं: आधी परीक्षा, मग प्रवेश. परीक्षाही कायद्याची नव्हे. इतकी माणसं बाकावर बसली आहेत, हा त्याच्या शेजारी नाही, तो टोकाला नाही, तर मधे कोण? असली. पहिल्या खेपेला मी असा घामाघूम झालो की तपासणाऱ्यानं माझा पेपर आधी उन्हात वाळत घातला असणार. नापास.

आमचं गाव तिरोड्याकडं, बोदलकशाच्या तलावापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे हाक माझी असेल तर. वडील गेल्यापासून घर थोरल्या दादांच्या हातात. दादा इतकं कमी बोलायचे की ते नुसते खाकरले तरी बैल शेण टाकायचे थांबत. ते म्हणाले, "एक साल देतो. नाही जमलं तं गोंदियाच्या गिरणीत बोलून ठेवलं आहे." एवढंच. मला त्या क्षणापासून गिरणीचा कोंडा नाकात जाणवायला लागला.

गोंदियात रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डानं मला एक फाटकं इंग्रजी पुस्तक दिलं. "ले जा बेटा, मेरे तो सिर के ऊपर से जाता है," म्हणाला. माझ्याही गेलं. पानापानावर साहेब बसलेले. सहा साहेब गोल टेबलाभोवती, सगळ्यांचे कोट सारखे, टोप्या सारख्या. तिसऱ्या अटीपर्यंत पोचेस्तोवर पहिला साहेब कुठं बसवला तेच मी विसरायचो. महिनाभर हेच चाललं. रात्री झोपलो की साहेब जागा बदलायचे.

मार्ग सापडला तो मधल्या भावाच्या बायकोमुळं. ही माझी मधली वहिनी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. माझ्याशी ती दिवसभर थट्टामस्करी करायची, दिराशी चालतं. पण थोरले दादा तिचे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्याकडं भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, त्याच्या शेजारी बसत नाही, त्याच्या सावलीवरून जात नाही. नऊ वर्षांत दादांनी तिचा चेहरा पाहिला नव्हता. काही सांगायचंच झालं तर ती दाराआडून मांजरीला सांगायची: "मने, पान वाढलं म्हनून सांग." मांजर तिथंच बसून राहायची, दादा उठून जेवायला जायचे. आमच्या घरचा निम्मा कारभार त्या मांजरीनं चालवला, असं मी शपथेवर सांगू शकतो.

रोवणी सुरू होती. धानाच्या बांधीत चौदा बाया ओळीनं उभ्या राहून मागं सरकत रोप लावतात. ओळ लावायचं काम वहिनीचं. एक डावखुरी, तिला टोकालाच हवं. दोघी भांडलेल्या, त्यांना लांब हवं. एकीचं तान्हं धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, झोपलेलं, तिला धुऱ्याजवळ हवं. एक मंद, तिला दोन चपळ बायांच्या मधे. वहिनीनं पदर खोचेपर्यंत चौदा बाया जागच्या जागी उभ्या केल्या. मी धुऱ्यावर पुस्तक धरून, तोंड उघडं टाकून बघत राहिलो. बेडूक आत जाऊन परत आला असेल.

हे कसं केलं म्हणून विचारलं, तर तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "जिले एकच जागा चालते, तिले पयले उभी करा. जिले कोठंबी चालते, तिची कायले फिकीर करता?"

अख्ख्या पुस्तकात हे एक वाक्य नव्हतं. त्या दिवसापासून मी साहेबांना हाकलून त्यांच्या जागी आपली माणसं बसवली. टेबलाच्या ठिकाणी पंगत. टोपीवाला साहेब म्हणजे मावशी, काठीवाला म्हणजे मामा, आणि जो कुठंच बसत नाही तो व्याही. एकदम सगळं दिसायला लागलं. वहिनी चुलीपाशी, मी उंबऱ्यावर, आणि मधे चिंचोके मांडलेले. रोज दहा, मग वीस, मग पन्नास. धान कापलं, मळलं, मी मांडतच होतो. लग्नाच्या पंगतीत वाढायला गेलो तर लोकांना उठवून जागा बदलायला लावल्या, आणि वरण एका म्हाताऱ्याच्या पागोट्यात वाढलं. तलावावरचे बगळे मला बघून आपापल्या क्रमानं उभे राहत. पण जसजशी कोडी सुटत गेली तसतसा पोटातला गोळा वाढतच गेला. आता जमतंय म्हणजे आता हुकलं तर दोष माझाच, साहेबांचा नाही.

परीक्षेच्या दिवशी पेपर बघितला आणि सगळी ओळखीची माणसं भेटली. शेवटचं कोडं असं: बाकावर पाच जण, ए, बी, सी, डी आणि ई. ए डाव्या टोकाला, बी त्याला लागून. सी बीच्या शेजारी नाही. सी आणि डी मात्र एकमेकांजवळच. तर ते किती प्रकारे बसतील?

मी ताबडतोब माणसं बसवली. ए म्हणजे आई, बी मावशी. सी आणि डी जवळजवळ म्हणजे मधला भाऊ आणि वहिनी. उरलेला ई, थोरले दादा. तीन प्रकार निघाले. तिसऱ्यात वहिनी दादांच्या बाजूला येत होती. तो मी खोडला आणि दोन लिहिले. एवढं चटकन सुटलं की वीस मिनिटं मी नुसता घाम पुसत बसलो.

परतीच्या पॅसेंजरमधे तुमसरला एक कुटुंब चढलं. म्हातारी, दोन भाऊ, धाकट्याची बायको. जागा एकच उरली होती, थोरल्या भावाच्या शेजारी. ती बाई बसेना. समोरची एक शेठाणी म्हणाली, "बैठ जा ना बहन, जगह है." बाई पदर ओढून उभीच. जागा होती हे सगळ्या डब्याला दिसत होतं. मलाही दिसलं, आणि पोटातला गोळा सुटून थेट पायात गेला. बाकावर जागा होती. ई हा ई होता. त्याला भावसून कुठली, आणि डीला लाज कुठली. पेपरात हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते मी घरून नेलं होतं. उत्तर तीन होतं.

तिरोड्याला उतरलो की तिथं मला उतरवून घेतलं, आठवत नाही. घरी फक्त वहिनीला सांगितलं. ती तवा उलथा धरून बसून राहिली. नंतरचे पंधरा दिवस पोस्टमनची सायकल दिसली की मी गोठ्यात जायचो. गाय मला पोस्टमनच्या वेळेवरून ओळखायला लागली.

पत्र आलं तेव्हा पुन्हा रोवणीचे दिवस. दादा ओसरीवर बसले होते, पायांना चिखल, तळहातावर तंबाखू. मी वाचून दाखवलं. निवड नाही. खाली शाईनं लिहिलेलं: एका गुणानं.

"मंग सोमवारपासून गिरणीत जा," दादा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच आता काही होणार नाही हे मला कळलं.

तेवढ्यात दाराआडून वहिनी म्हणाली, "मने, सांग त्यायले. भाऊजीले सारं येत होतं."

मांजर उंबऱ्यावर होती. तिनं आळस दिला, उठली आणि गोठ्याकडं निघून गेली. ओसरीवर आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, संपलं. वहिनीला बोलायला आता कुणी नव्हतं. मग बांगड्यांचा आवाज आला, हात दाराच्या चौकटीवर ठेवल्याचा.

"पेपरातल्या बाकावर तिसऱ्या प्रकारात मी तुमच्या बाजूले बसत होती," ती म्हणाली. मांजरीला नाही. "तुमचा मान राहावा म्हनून यानं ते खोडलं. त्यातच एक गुन गेला. तुमच्या मानापायी गेलेला गुन तुमी याच्या माथी कायले मारता?"

मी पुढं पुष्कळ वकिलांची भाषणं ऐकली, पण एवढं छोटं आणि एवढं खोल गेलेलं एकही नाही. दादांचा अंगठा तंबाखूवर थांबलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आवाज थेट त्यांच्याकडं आला होता, आणि कुठं बघावं ते त्यांना कळेना. दाराकडं बघता येत नव्हतं. मांजर होती त्या जागेकडं ते बघत राहिले. मी श्वास धरून बसलो, निदान पाऊण तास. घड्याळ नव्हतं, तेव्हा कुणी खोटं ठरवू शकत नाही.

शेवटी त्यांनी तंबाखू तशीच खाली झटकली आणि उठले. "गिरणीवाल्याले नाही म्हनून कळवतो," ते मला म्हणाले. "आनखी एक साल."

मला रडू येणार होतं, तेवढ्यात कळलं की आणखी एक साल म्हणजे आणखी चाळीस हजार, आणि पोटातला गोळा गुपचूप आपल्या जागी येऊन बसला. दादा बांधीकडं निघाले होते. धुऱ्यापाशी थांबले, वळले, पण माझ्याकडं बघितलं नाही.

"अन् आयक," म्हणाले, "पुढच्या खेपेला मले बाकावर बसवू नोको."