खडीवरचा नाच

अर्जात एक रकाना होता : ‘सोबत काम केलेल्या दोन कलावंतांची नावे व सह्या.’ बहुतेकांचं घोडं तिथंच अडायचं. सोबतचे मेलेले असायचे, नाहीतर पुण्या-मुंबईकडं गेलेले.

पाटोद्याला आम्ही जिल्ह्यातल्या नाचणाऱ्या माणसांचा दोन दिवसांचा मेळावा भरवला होता. आम्ही म्हणजे बीडमध्ये नाचाचे क्लास चालवणाऱ्या चौघीजणी, शाळांची गॅदरिंगं बसवणारे दोन सर आणि लावणीतून निवृत्त झालेल्या एक बाई. खरं तर त्या बाईंनीच सगळ्यांना हाताला धरून गोळा केलं होतं. ते वर्ष टँकरचं होतं. ऊस नव्हता म्हणून कारखाना बंद होता. गावांनी जत्रा आवरत्या घेतल्या होत्या, शाळांनी गॅदरिंगं रद्द केली होती. नाचून जगणाऱ्यांना कोणी बोलवत नव्हतं. “शेतकऱ्याची सोसायटी हाय, दुधाची हाय, मग नाचणाऱ्याची कावून न्हाई?” असं बाई म्हणाल्या आणि एका सहकारी संघाचं गोदाम मागून आल्या. धान्य नव्हतंच, त्यामुळं गोदाम लगेच मिळालं.

एका कोपऱ्यात डॉक्टर गुडघे तपासत होते. मध्ये सतरंजीवर नव्या संस्थेची चर्चा चालली होती. दाराजवळ टेबल टाकून मी म्हाताऱ्या कलावंतांच्या मानधनाचे अर्ज भरून देत होते.

मी कथक शिकवते. आमच्या घरात ते कोणाला आवडलं नव्हतं, म्हणजे मुख्यतः अण्णांना, माझ्या वडिलांना. आमचं घर चकलांब्याचं, आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला तेव्हापासून बौद्ध. अण्णा दूध संस्थेत सचिव होते. लहानपणी मी रेडिओवर हातवारे केले तरी ते उठून रेडिओ बंद करायचे. “आपल्या लोकांनी लई नाचून दाखवलं दुसऱ्याच्या दारात,” म्हणायचे. “आता वाचायचं.” मी औरंगाबादला कॉलेजात असताना हॉस्टेलच्या मैत्रिणीबरोबर चोरून शिकले. पुढं त्यांना कळलं, तेव्हा ओरडले नाहीत. पण माझा एकही कार्यक्रम पाहिला नाही. मला त्यांचं म्हणणं पटत नव्हतं, तरी समजत होतं. निदान तसं मला वाटायचं.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुमारास एक म्हातारे टेबलापाशी आले. अंगात स्वच्छ धुतलेला सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. चाळीस वर्षं ढोलकी वाजवली म्हणाले. मी नाव, गाव, वय लिहिलं आणि त्या रकान्याशी आले.

“सोबतचं कोणी आहे का, मामा?”

“एक हाय पिंपळनेरला, येतो म्हणलाय. दुसरा कुठून आणू?” मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तुमी कुठल्या, बाई?”

मी गाव सांगितलं. कोणाची, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा अण्णांचं नाव सांगितलं.

“दूध संस्थेतले?”

“हो.”

म्हाताऱ्यांचा चेहरा एकदम खुलला. “मग माझी सही घरातच सापडली की! लेकी, तुझा बाप आमच्या फडात नाच्या होता.”

मला ऐकू आलं, पण अर्थ लागला नाही. ‘नाच्या’ म्हणजे लुगडं नेसून बाईचं काम करणारा पोरगा, हे मला माहीत होतं. पण ते अण्णांना लागू पडेना.

“दुसरे कोणी असतील, मामा. अण्णांना नाच बघायलासुद्धा आवडत नाही.”

त्यांनी वाद घातला नाही. पिशवीतून पुठ्ठ्याला चिकटवलेला एक फोटो काढला आणि अर्जावर ठेवला. पाच माणसं होती. चार फेटेवाले आणि मध्ये नऊवारीतली एक बाई, कमरेवर हात, मान जराशी कललेली. डाव्या भुवईवर आडवा व्रण. बैलाच्या शिंगानं झालेला तो व्रण मी लहानपणी बोटानं चाचपून बघायचे.

माझ्या हातातला पेन कागदावर तसाच टेकलेला होता. ‘सह्या’ या शब्दावर शाईचा डाग पसरला, तो अर्ज नंतर फाडून दुसरा घ्यावा लागला. पलीकडं कोणीतरी डॉक्टरांना सांगत होतं की पायऱ्या उतरताना गुडघा कटकट वाजतो, आणि सगळे हसत होते.

“सांगितलं न्हाई व्हय तुला?” म्हातारे आता चपापले होते. “मग खडीवरचं बी सांगितलं नसंल.”

“काय खडीवरचं?”

त्यांनी सांगायला नको होतं, हे त्यांनाही कळलं असावं. पण मी पुन्हा विचारलं आणि ते खुर्ची ओढून बसले.

बाहत्तरच्या दुष्काळात जत्रा बंद पडल्या आणि अख्खा फड खडी फोडायच्या कामावर गेला. अण्णा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. त्यांची आईही त्याच कामावर होती. दुपारी तिथं सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावरचा सरकारी कोरडा खाऊ, वाटायचे. एके दिवशी त्या भागातला एक मोठा जमीनदार पुढारी पाहुण्यांना घेऊन काम दाखवायला आला. त्यानं अण्णांना ओळखलं. पाहुण्यांना म्हणाला, हा आमच्या भागातला नामी नाच्या. मग मुकादमाला म्हणाला, “हा नाचल्यावर सुकडी वाटा.”

“उन्हाचं, अनवाणी, फोडलेल्या खडीवर,” म्हातारे म्हणाले. “ढोलकी न्हवती. मी खडीची पाटी पालथी घालून वाजवली. माझ्याच हातानं वाजवली, लेकी. रांगंत दोनशे माणूस उपाशी. त्याची माय बी रांगंत. नाचला तो. मायनं रांग सोडली आन् तशीच घराकडं चालायला लागली. त्या दिसापासून तो फडात आला न्हाई.”

मी टेबल दुसरीच्या हवाली केलं आणि मिळेल त्या गाडीनं गेवराई, तिथून चकलांबा गाठलं. रस्ताभर मला त्या पुढाऱ्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त माझा. एवढी वर्षं मी या माणसाला हेकट समजत होते.

अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, ते एकटेच राहायचे. मी चप्पल न काढताच उभी राहिले.

“अण्णा, पाटोद्याला एक ढोलकीवाले मामा भेटले. त्यांनी फोटो दाखवला.”

त्यांनी पेपराची घडी घातली. अगदी सावकाश, कडा जुळवून.

“जिवंत हाय का तो?” एवढंच विचारलं.

“त्यांनी खडीवरचंही सांगितलं.” “मला कधी सांगितलं का नाही? मी काय लाज धरली असती? लाज त्या माणसाला वाटायला पाहिजे होती.”

“तुझ्या आईला बी ठाव न्हवतं,” ते म्हणाले. मी शेजारी बसले.

“त्यानं सांगितलं ते खरं हाय,” ते म्हणाले. “पर त्याला अर्धंच ठाव हाय. पाय भाजत व्हते. पहिल्यांदा रडायला आलं. मग त्यानं पाटीवर ठेका धरला, आन् मी... मला बरं वाटाय लागलं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“बरं म्हंजी चांगलं. लई चांगलं. रांगंतली माणसं भूक इसरून बघत व्हती. त्यो मालक, ते पावणे, कोणी दिसंना मला. इतकं चांगलं मी कुठल्या जत्रंत नाचलो न्हवतो. गिरकी घेतली आन् मायचं तोंड दिसलं.”

“आजी चिडली?”

“न्हाई. घरी गेलतो तर चुलीपुढं बसली व्हती. चूल पेटवली न्हवती. म्हणली, ‘त्यानं तुला नाचवलं त्याचं मला काही न्हाई रं. ते नाचवणारच. पर तू हसत व्हतास.’”

येताना मी त्यांची कीव करत आले होते, त्यांच्या बाजूनं भांडायची तयारी करून. ते सगळं तोंडातच राहिलं. कारण ते बरं वाटणं मला माहीत होतं. पाय दुखत असतात, समोर कोण बसलंय ते पुसून जातं आणि अंग आपोआप पुढं जात राहतं. ते मला कुठून आलं, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

“तू रेडिओपुढं हात हलवायचीस तवा तुझं तोंड बी तसंच व्हायचं,” अण्णा म्हणाले. “म्हणून बंद करायचो.”

त्या रात्री पिठलं-भाकरी खाताना मामांच्या अर्जाला दुसरी सही हवी आहे, एवढं मी सांगितलं. सकाळी मी निघाले तर अण्णा इस्त्रीचे कपडे घालून उंबऱ्यात उभे होते. “सही पायजे म्हणलीस ना त्याला?”

पाटोद्याच्या गोदामात ते शिरले, तेव्हा ढोलकीवाले मामा उठून उभे राहिले. दोघांनी एकमेकांचे हात धरले. “म्हातारा झालास रं,” अण्णा म्हणाले. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी अर्ज पुढं ओढला. नाव लिहिलं. नावापुढं ‘पथकातील काम’ असा रकाना होता. तिथं ते काही बिगारी, गडी असं लिहितील असं मला वाटलं. त्यांनी स्वच्छ वळणदार अक्षरात लिहिलं : नाच्या. आणि सही केली.

मी त्यांना लगेच परत नेणार होते. पण ते सतरंजीच्या कडेला बसून राहिले. संस्थेची चर्चा भरकटली होती. अध्यक्ष कोण, फलक कुठं लावायचा यावर आवाज चढले होते. नोंदणी कशी करतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तासभर ऐकून अण्णा उठले.

“आधी पोटनियम लिवा. मग भांडा.”

सगळे वळून बघायला लागले. लावणीच्या बाईंनी विचारलं, “तुमाला येतंय का, भाऊ?”

“तीस वर्सं तेच केलंय. कागद मी करतो. मला नाचायला सांगू नका, बस.”

बाई म्हणाल्या, “न्हाई सांगत.” त्यांनी विचारलंही नाही का ते.

शेवटची गाडी निघेपर्यंत ते लिहीत होते. सभासद कोणाला व्हायचं या कलमावर ते अडले आणि मला हाक मारली. शाळेत शिकवणाऱ्या सरांना घ्यायचं का, नुसती ढोलकी वाजवणाऱ्याला घ्यायचं का, अशी एकेक शंका विचारत राहिले. मी उत्तरं देत होते, पण लक्ष त्यांच्या बोटांकडं होतं. विचार करताना ती बोटं वहीवर ठेका धरत होती, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

मामांचा अर्ज चार-पाच हेलपाट्यांनी मंजूर झाला. संस्था व्हायला दोन वर्षं लागली. अण्णा तिचे बिनपगारी सचिव झाले, अजून आहेत. दर वर्षी मेळावा भरतो. सकाळच्या सभेला ते पहिल्या रांगेत असतात, इतिवृत्त लिहितात, उशिरा येणाऱ्यांना बोलतात. दुपारी नाच सुरू झाला की चहाच्या टपरीवर जाऊन बसतात. मी एकदाच म्हणाले होते, आत या. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि माझ्यासाठी चहा सांगितला.