जामीनमास्तर

"मंग, जामीन कोण?" असं विचारून मास्तर डोक्यावरची टोपी काढायचे, गुडघ्यावर ठेवायचे आणि वाट पाहायचे. जामीन मिळेपर्यंत टोपी परत डोक्यावर चढत नसे.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतची. पिंपळगाव राजाहून बैलगाडीनं तासाभराची वाट. मुलखाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, आमचा मात्र बाजारापासून बाजारापर्यंत. बाजाराच्या आदल्या दिवशी शेवटच्या तासाला मास्तर एकेकाला उभं करत आणि पुढच्या बाजारापर्यंत काय करणार ते विचारत. कुणी तेराचा पाढा कबूल करी, कुणी नुसती रोज अंघोळ. मग वर्गातल्याच दुसऱ्या पोरानं त्याला जामीन राहायचं. ठरलेलं झालं नाही, तर शाळा सुटल्यावर दोघांनी थांबायचं आणि ते पुरं करूनच घरी जायचं. माघारी आम्ही त्यांना जामीनमास्तर म्हणत असू. त्यांना ते ठाऊक होतं.

पाटलाचा मुलगा एकदा छाती काढून म्हणाला, मी तहसीलदार होणार. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "होशीन ना. पण येत्या बाजारापर्यंत त्यातला किती होशीन?" बऱ्याच विचारानं त्यानं अक्षर सुधारायचं कबूल केलं.

एकदा आम्हीच मास्तरांना धरलं, तुम्ही काय करता सांगा. त्यांनी तंबाखू सोडायचं कबूल केलं. जामीन राहिला पहिलीतला सगळ्यात लहान पोरगा. चौथ्या दिवशी मास्तरांनी चिमूट तोंडात टाकली आणि आपण होऊन वर्गात सांगितलं. शाळा सुटल्यावर दोघं ओट्यावर बसले. पोरगा त्यांच्या तोंडाकडे टक लावून. त्याची माय शोधत आली, तर म्हणे, मास्तराले सोडून कसा येऊ? तुम्हीही खूप मास्तर पाहिले असतील, पण असा शिक्षा भोगणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

माझा जामीन रहीम, पिंजाऱ्याचा मुलगा. मला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसायचं होतं आणि अपूर्णांक डोक्यात शिरत नव्हते. रहीमला ते खेळासारखे येत. लागोपाठ सात बाजार मी हरलो आणि सात बाजार तो माझ्यासोबत थांबला. धुळीत बोटानं भाकरी काढायचा, रेघा मारून तिचे तुकडे पाडायचा आणि कुरकुरायचा, "अबे, माह्या बकऱ्या उपाशी हायेत. लवकर शीक ना बे." आठव्या बाजाराला मला अपूर्णांक आले.

मला स्कॉलरशिप मिळाली. मी खामगावच्या हायस्कुलात गेलो, पुढं अमरावतीला कॉलेजात. रहीम चौथीनंतर बापासोबत कापूस पिंजायला लागला. मी बी.ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीसुद्धा केली नव्हती, सारे अंगठ्याचे धनी. हे मी अभिमानानं सांगतो. कुणाला आवडो, न आवडो.

त्याच साली मास्तरांचं कार्ड आलं. पोरं आता जामीन राहायला तयार होत नाहीत, आपलं त्यात काय जातं असं विचारतात. बक्षीस समारंभ आहे, तू ये आणि तुझा जामीन कोण होता तेवढं सांग. तुझं ऐकतील.

पाटलांनी शेगावच्या स्टेशनावर आपली बैलांची दमणी पाठवली. मी नवा कोट घातला होता. भाषण कागदावर लिहून नेलं होतं आणि सुरू होण्याआधी मास्तरांना दाखवलंही. पहिल्याच ओळीत रहीमचं नाव होतं. मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि कागद जपून घडी करून परत दिला.

मी उभा राहिलो. समोर खुर्च्यांवर शाळा तपासणारे डिप्टीसाहेब, पाटील, खामगावचे दोन वकील. दारात रहीम, भुवयांवर कापूस, तसाच कामावरून आलेला. या लोकांसमोर पिंजाऱ्याच्या पोरानं मला गणित शिकवलं हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी पहिली ओळ गाळली. एकदा गाळली म्हटल्यावर पुढं काय बोलावं सुचेना, म्हणून बोललो ते असं, की या जगात कुणी कुणाचा नसतो. ज्यानं त्यानं आपलं ध्येय आपल्या बळावर गाठायचं असतं, मी तसंच गाठलं. टाळ्या पडल्या.

हार घालायला मास्तर पुढं आले. गळ्यात हार टाकताना हळूच म्हणाले, "एक नाव राह्यलं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डिप्टीसाहेब हात पुढं करून उभे होते.

पुढचं मला आईकडून कळलं. बाजाराच्या आदल्या दिवशी मास्तरांनी नेहमीसारखं विचारलं, तर एक पोरगा उठून म्हणाला, कोटवाले साहेब म्हणत होते ना, कोणी कोणाचा नसते. सगळा वर्ग हसला. मास्तर टोपी गुडघ्यावर ठेवून घंटा होईपर्यंत बसून राहिले. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

मी पत्र लिहायचं ठरवलं होतं. नागपूरच्या नोकरीत दोन वर्षं ते ठरवण्यातच गेली. तेवढ्यात मास्तर तापानं गेल्याचं कळलं.

मी गावी गेलो, तेव्हा रहीम आमच्याच अंगणात आईच्या गादीचा कापूस पिंजत होता. त्यानं हात थांबवला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "मास्तर मले सांगत होते, रहीम, तुह्यं नाव त्याच्या कागदावर पहिलं होतं, म्या सोता वाचलं. गर्दीत भुलला तो, मनावर घेऊ नको." मग माझ्याकडे पाहून त्यानं विचारलं, "खरंच भुलला होता काय रे?"

"हाव," मी म्हणालो.

त्याचा चेहरा निवळला. "मले वाटलंच होतं," म्हणाला, आणि त्यानं पिंजायची धनुकली उचलली. तार वाजायला लागली, कापूस उडायला लागला, आणि मग काही बोललं तरी ऐकू गेलं नसतं.