आतल्या बाजूची बदकं

लेकीनं आज खोलीचे पडदे उघडले असतील का, ही एक काळजी आईच्या मनातून काही केल्या जात नसे. लेक दुसऱ्या शहरात भाड्याच्या दीड खोलीत राहायची. व्हिडिओ कॉल लावला की मागे काळोख, आणि त्या काळोखात तिच्या नाकाचा शेंडा तेवढा उजळलेला.

"अगं, जरा उजेडात बस ना."

"हा उजेडच आहे, आई."

मग आई दिवसभर मनातल्या मनात तिच्या खिडक्या उघडत बसायची. उन्हावाचून हाडं ठिसूळ होतात आणि माणसांवाचून मन, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. वाक्याचा दुसरा अर्धा भाग बहुधा तिनंच जोडला होता.

खरं तर लेकीचं आणि उजेडाचं पहिल्यापासून वाकडं. पाळण्यात असताना दिवा लावला की तोंड फिरवायची. शाळेत मैदानावर उन्हात उभं केलं की डोकं धरून मटकन बसायची. डॉक्टर म्हणाले अर्धशिशी, आणि त्यांनी काळा चष्मा दिला. वर्गात काळा चष्मा लावून बसणारी मुलगी म्हटल्यावर बाईंना ते नाटक वाटलं. "सिनेमात काम मिळालं वाटतं?" त्यांनी विचारलं. "नाही बाई," लेक गंभीरपणे म्हणाली, "तुमचा नवा फळा पांढरा आहे ना, तो माझ्याकडे फार डोळे वटारून बघतो." बाईंना हसू फुटलं आणि लेकीला भिंतीकडेची सावलीतली जागा कायमची मिळाली.

घरी ती जेवणाच्या टेबलावरून चादर सोडायची आणि खाली बसून अभ्यास करायची. बाबांनी तिचं नाव वटवाघूळ ठेवलं. जेवायची वेळ झाली की ते टेबलावर टकटक करत. "वटवाघूळसाहेब, ताटं मांडायची आहेत, गुहा रिकामी करा." लेक चादरीतून फक्त हात बाहेर काढायची आणि म्हणायची, "आधी ताट आत द्या, मग बघू."

अशा मुलीला नोकरीही तशीच मिळाली. टॅबवर वापरायचा ब्राउझर बनवणारी एक छोटी कंपनी होती. तिथं लेक आधी तक्रारींच्या टेबलावर बसली. त्यातल्या निम्म्याअधिक तक्रारी डार्क मोडच्या. पान काळं झालं, पण अक्षरंही काळीच राहिली. रकान्यात टाइप करतोय, पण काय टाइप झालं ते दिसत नाही. पुढे जायचं बटण अंधारात गडप झालं. इतरांना या तक्रारी म्हणजे डोक्याला ताप. हिला मात्र प्रत्येक तक्रार करणारा आपल्या गोतातला वाटायचा. कुणी रात्रपाळीची नर्स, कुणी बाळाला मांडीवर निजवून एका हातानं वाचणारा बाप, कुणी हिच्यासारखंच डोकं धरून बसणारं. त्यांना उत्तरं देता देता ती दुरुस्त्या करायला शिकली, आणि कंपनीच्या मोठ्या बाईंनी तिला उचलून दुरुस्तीच्या टेबलावर नेऊन बसवलं.

"म्हणजे तू करतेस काय नक्की?" आईनं एकदा विचारलं होतं. शेजारणीला सांगायला काहीतरी हवं होतं.

"काळ्या पाटीवर कुणी काळ्या खडूनं लिहून ठेवलेलं असतं. ते मी शोधते आणि खडू बदलते."

"याचा पगार देतात?"

"वेळेवर देतात."

गेल्या काही महिन्यांपासून लेक एका मोठ्या कामामागे हात धुऊन लागली होती. अडचण चित्रांची होती. सगळं पान काळोखात शांत असायचं आणि मध्येच पांढऱ्या कागदावरचं एखादं चित्र, अंधाऱ्या खोलीत कुणी फ्रिज उघडावा तसं, भस्सकन डोळ्यांवर यायचं. ऑफिसातले म्हणाले, सगळी चित्रं थोडी मंद करून टाकू, काम संपलं. लेकीला ते पटलं नाही. मंद केलं की कोमट होतं, गोड लागत नाही, असं काहीसं ती मीटिंगमध्ये बोलून गेली आणि सगळे हसले. तिची रीत वेगळी होती. ब्राउझरनं आधी चित्र बघायचं. फोटो असेल तर हात लावायचा नाही, नाहीतर माणसं भुतांसारखी दिसतात. पण पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांनी काढलेलं चित्र असेल, तर ते पालटायचं. कागद काळा, रेघा पांढऱ्या. नकाशे, आलेख, यंत्रांच्या आकृत्या, सगळ्यांवर तिनं ते करून दाखवलं. डोळ्यांना अगदी थंडावा.

मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या, "ठीक आहे. तुझ्या रीतीनं जाऊ. पण लोकांच्या हातात गेल्यावर चित्रांच्या तक्रारी यायला लागल्या, तर तक्रारींच्या टेबलावर परत तूच बसायचं आणि तूच उत्तरं द्यायची."

"बसेन," लेक म्हणाली.

हे तिनं घरी हसत हसत सांगितलं. आईला मात्र हसू आलं नाही. लेकीला ती बरोबर ओळखत होती. खाली उतरवली तर पोरगी तोंडातून ब्र काढणार नाही, आणि पडदे मात्र पुन्हा उघडणार नाही.

मधे एकदा लेक सुट्टीला आली आणि जाताना घरच्या टॅबवर नवी आवृत्ती घालून, डार्क मोड लावून गेली. "वापरून बघा. काही खटकलं तर मेसेज टाक, मी रात्री बघेन. दिवसा फोन नको."

या शेवटच्या वाक्याला इतिहास होता. आईनं आजवर ऑफिसात केलेले फोन नावाजलेले होते. एकदा टॅबच्या उजेडानं डोळे कोरडे पडतात हे वाचून केला. एकदा लेकीच्या शहरात वादळ येणार म्हणून केला. ते वादळ नंतर भलत्याच शहरात गेलं. एकदा लेक फोन उचलेना म्हणून सरळ मोठ्या बाईंना लावला आणि "माझी मुलगी जेवली का" असं विचारलं. मोठ्या बाई भल्या म्हणून उठून बघून आल्या. लेक डबा खात होती. त्या दिवसापासून ऑफिसात रोज जेवणाच्या वेळी कुणी ना कुणी तिच्या टेबलाशी येऊन विचारत असे, "जेवलीस का गं बाळा?"

"आई, मी तिथं तज्ज्ञ म्हणून बसते," लेक तेव्हा म्हणाली होती, आणि या वेळी ती हसत नव्हती.

आईनं नियम पाळला. लेकीच्या ऑफिसातली थंडी बारमाही, म्हणून तिनं लेकीसाठी लोकरीचं जाकीट विणायला घेतलं. नमुना टॅबवर होता: छातीवर ओळीनं चालणारी बदकं, एकाच रंगात, नुसत्या टाक्यांनी उठून दिसणारी. चौकोनांचा तक्ता आणि खाली लिहिलेलं, पांढरा चौकोन सुलटा टाका, काळा चौकोन उलटा. आई कॉलेजात असल्यापासून विणत होती. असले तक्ते तिला वर्तमानपत्रासारखे वाचता यायचे.

खालची पट्टी झाली, बदकांचे पाय झाले, पोटं झाली. आईनं विणकाम हातभर लांब धरून पाहिलं. बदकं कुठंच नव्हती. नुसतीच खडबडीत जमीन. तिनं सहज मागची बाजू फिरवली, तर बदकं तिथं. आतल्या बाजूला, अगदी टुमदार, तोंडं उलट दिशेला करून चालली होती.

तिनं उसवलं. पुन्हा विणलं, एकेक चौकोन बोटानं मोजत. बदकं पुन्हा आत.

आता आईला एक नवीकोरी काळजी मिळाली, स्वतःच्या डोक्याची. ती कुणाला बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिनं शेजाऱ्यांची, भाच्यांची, जुन्या मैत्रिणींची नावं आठवून पाहिली. सगळी आठवली. मग हे काय होतंय?

बाबांचं वेगळंच चाललं होतं. दुपारी जेवण झालं की टॅब त्यांच्या ताब्यात जायचा. एका साइटवर ते बुद्धिबळाची कोडी सोडवत. आठवडाभर त्यांचा पारा चढलेला होता.

"या लोकांना कोडी घालता येत नाहीत. म्हणे पांढऱ्यानं दोन चालींत मात करावी. अगं, पांढऱ्याच्या अंगावर धड कपडे नाहीत, तो काय मात करणार?"

"दुसरं कोडं घ्या."

"सगळी तशीच आहेत. मी संपादकाला खरमरीत लिहिलंय."

"काय लिहिलंत?"

"म्हटलं, आपण कधी पटासमोर बसला आहात का."

नवी आवृत्ती लोकांच्या हातात जायचा दिवस उजाडला. लेकीचा सकाळी मेसेज आला: आज संध्याकाळी सोडतोय, तोवर फोन बाजूला, आशीर्वाद असू दे. आईनं आशीर्वाद टाकला. त्याखाली पडद्यांबद्दल लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसलं.

हाताला चाळा हवा म्हणून ती विणकाम घेऊन गॅलरीत गेली. उन्हात टाके नीट दिसतात. पण उन्हात टॅबचं काळं पान काही दिसेना, त्यात तिचंच तोंड दिसायला लागलं. लेकीनं दाखवलं होतं तसं तिनं डार्क मोड बंद केला. पान पांढरं झालं, आणि बदकंही बदलली. जे चौकोन मघापर्यंत पांढरे होते ते काळे, काळे होते ते पांढरे.

आईनं पुन्हा डार्क मोड लावला, पुन्हा काढला, पुन्हा लावला. मग ती आत गेली.

"अहो, तुमचं कोडं लावा बघू."

"माझं डोकं आज शांत आहे."

"लावा तर. आता हा डार्क मोड बंद करते. बघा."

बाबांनी पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. पांढरा वजीर काळा झाला होता, काळा राजा पांढरा. त्यांनी बोटानं पटावर दोन चाली केल्या. मात झाली.

"म्हणजे आठवडाभर मी शत्रूच्या बाजूनं लढत होतो," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांना दुसरंच काही आठवलं. "त्या संपादकाची माफी मागावी लागणार."

"संपादक जाऊ दे. हे वटवाघळाचं आहे. चित्र पालटलं की त्यातला काळापांढराही पालटतो, आणि खाली लिहिलेलं तसंच राहतं."

"मग मेसेज टाक."

"टाकला. बघितलेला नाही. फोन बाजूला ठेवलाय तिनं."

"तर उद्या सांग. जगात विणतेस तू आणि पट मांडतो मी. एवढ्या दोन माणसांनी तिचं काय बुडणार?"

जगात किती बायका विणतात हे बाबांना माहीत नव्हतं. विणणाऱ्या बायका चुकीच्या टाक्याबद्दल गप्प बसत नाहीत, हेही त्यांना माहीत नव्हतं. आणि पट मांडणारे पुरुष संपादकाला काय लिहितात ते तिनं नुकतंच ऐकलं होतं. उद्या सकाळी तक्रारींचा ढीग पडेल, आणि लेक त्या जुन्या टेबलावर जाऊन बसेल. चूक तिची म्हणावी, तर अंधाराची इतकी माया असलेल्या पोरीला काळ्या-पांढऱ्याचा अर्थ कुणी वेगळा लावत असेल हे सुचलंच नसेल. तिच्यासाठी काळं म्हणजे विसावा, एवढंच.

पण तिला हे आधीच माहीत असेल तर? तिनं दुरुस्त केलेलं असेल आणि फक्त घरच्या टॅबवर जुनं राहिलं असेल तर? मग आजच्या दिवशी, सगळ्या ऑफिससमोर, फोनवर पुन्हा आई. जन्मभर पुरेल एवढी चेष्टा.

"तिचा फोन लागणार नाही," बाबा म्हणाले. ते आईकडे बघत होते.

"नाही लागणार."

"मग?"

"मोठ्या बाईंचा लागेल."

बाबांनी टॅब तिच्याकडे सरकवला. "त्यांना पहिल्याच शब्दाला वाटेल तू जेवणाचं विचारणार."

"वाटू दे. या वेळी मी मुलीची आई म्हणून नाही करत. ब्राउझर वापरणारी बाई म्हणून करतेय. लेकीला बोलवा म्हणेन आणि तिलाच सांगेन, म्हणजे चूक तिनंच पकडली असं होईल."

"आणि त्यांनी नाही बोलावलं तर?"

"एकदा उठून बघून आल्या होत्या. पुन्हा उठतील."

तिनं विणकाम मांडीवर उलटं करून ठेवलं, टॅब शेजारी ठेवला, घसा खाकरला, आणि मोठ्या बाईंचा नंबर लावला.