आतून घेतलेला टाका

मंगळवारी दुपारी एक वाजता कनेरगाव नाक्याच्या अलीकडे एका चहाच्या हॉटेलासमोर तिघांनी गफूरभाईंना लोखंडी टामीने मारलं. दोन वाजून दहा मिनिटांनी ते गेले. बुधवारी सकाळी नऊ वाजता त्यांना आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या शवविच्छेदनाच्या खोलीत टेबलावर घेतलं. त्या टेबलावर एकोणीस वर्षं त्यांनीच काम केलं होतं.

याला आता सात आठवडे झाले. मी त्या रुग्णालयात लिपिक आहे. डॉक्टर सांगतात आणि मी फॉर्मवर लिहितो, एवढंच माझं काम. गफूरभाईंच्या हुद्द्यापुढे सफाईगार असं लिहिलेलं होतं, पण देह उघडायचे ते आणि शिवायचेही तेच. त्यांचं घराणं पिंजाऱ्यांचं. बाप, आजा, थोरले भाऊ रहीमचाचा, सगळे गाद्या भरणारे. फोमच्या गाद्या आल्या, धंदा बसला, आणि गफूरभाई नोकरीला लागले. घरून त्यांनी एकच वस्तू आणली होती. वीतभर लांबीची, टोकाला किंचित वाकलेली दाभण. "कापूस काय अन् माणूस काय," ते म्हणायचे, "भरून शिवायचंच हाय." लोकांना ही थट्टा आवडत नसे. मला आवडे, कारण ती करताना ते कधीच हसत नसत.

तिथे येणारे देह कसे असतात हे वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या वाचकांना सांगायची माझी इच्छा नाही, पण न सांगता हा लेख पुढे जाणार नाही. ट्रकखाली आलेले असतात. विहिरीतून चौथ्या दिवशी काढलेले असतात. बांधाच्या भांडणात कुऱ्हाडीने डोकं फुटलेले असतात. जळालेल्या बायका असतात, त्यांचे हात कोपरातून वर वळलेले असतात, अजून कुणाला तरी अडवत असल्यासारखे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक लहान लेकरू आलं होतं. त्या दिवशी मी माझी खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. तेव्हापासून दहा वर्षं मी पाठमोरा बसून लिहीत आलो. कुणी काही म्हटलं नाही. गफूरभाईंचाही त्यांचा म्हणून एक उपाय होता. टेबलाकडे जाण्याआधी ते मागच्या ओट्यावर जाऊन दारूची नव्वद घेऊन येत. जुम्म्याला न चुकता मशिदीत जाणारा माणूस. मी एकदाच विचारलं, तर म्हणाले, "हे दारू न्हाई बाबू, दवा हाय. घेतली की हातच काम करतेत, आमी बाजूला उभं ऱ्हातो."

आम्ही दोघांनी पाहिलेल्या एका चित्रपटाची गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. मी एकटा राहतो, खोलीत पुस्तकं आहेत आणि झोपायला एक सतरंजी होती. ती सतरंजी गफूरभाईंनी एकदा पाहिली आणि त्यांना ते सहन झालं नाही. सेनगावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून त्यांनी कापूस आणला आणि चार रविवार माझ्या खोलीत बसून गादी केली. मी कापडाची कड धरायची, त्यांनी शिवायचं. टाका आतून घ्यायचा, वर फक्त तांदळाच्या दाण्याएवढा दिसला पाहिजे, असा त्यांचा नियम. माझ्याकडूनही त्यांनी एक बाजू शिवून घेतली, आणि अर्धी उसवून पुन्हा शिवायला लावली. तिसऱ्या रविवारी मी लॅपटॉपवर एक परदेशी चित्रपट लावला, हिंदीत केलेला. पुढच्या काळातलं एक शहर. तिथे रोज सकाळी आपल्याकडे पाण्याचा येतो तसा टँकर येतो, माणसं आपापले पेले घेऊन रांग लावतात आणि पांढरं पाणी पितात. ते प्यायलं की राग येत नाही, रडू येत नाही, कुणाची आठवण येत नाही. जो पीत नाही त्याला शोधून मारायचं. नायक त्या मारणाऱ्यांपैकीच एक आहे. पहिल्या तासात तो इतकी माणसं मारतो की मोजदाद राहत नाही. जिन्यात मारतो, स्वयंपाकघरात मारतो, एका म्हाताऱ्याला त्याच्याच पुस्तकांच्या ढिगावर मारतो. आणि या सगळ्या मारामारीला आवाज नाही. तोंडं उघडतात, काचा फुटतात, रक्त उडतं, आणि ऐकू काहीच येत नाही.

गफूरभाईंनी दाभण कापडात खोचली आणि लॅपटॉपच्या बुडाला दोन चापट्या मारल्या. "स्पीकर गेला बाबू तुमचा."

"गेला नाही. बघा पुढे."

पुढे एका सकाळी नायकाचा पेला पायरीवर पडून फुटतो. उशीर झालेला असतो, तो तसाच कामावर जातो. दुपारी एका घरात एका बाईचा गळा धरतो आणि त्या क्षणी पडद्यावर पहिल्यांदा आवाज येतो. फार मोठा नाही. घशातून निघतो तेवढाच. नायक हात सोडतो आणि आपल्या बोटांकडे पाहत राहतो... दिग्दर्शकाने यापुढे काहीच केलं नसतं तरी मी त्याला मोठा मानला असता. भावना मारून टाकलेल्या जगाच्या गोष्टी मी बऱ्याच वाचल्या आहेत. त्यात बहुतेक वेळा भाषणं असतात. या माणसाने भाषण दिलं नाही. एक तासभर आपल्याला हिंसा बघायला लावली, आपण ती मजेत बघितली, आणि मग त्याने नुसता आवाज चालू केला.

गफूरभाईंचं शिवणं थांबलं होतं. दोरा तोंडात धरलेला तसाच होता. मग म्हणाले, "म्हंजे आवाज व्हताच. याला येत नव्हता."

"हो."

"अन् आपल्याला बी येत नव्हता."

शेवट मात्र त्यांना पटला नाही. नायक शेवटी सगळ्या अधिकाऱ्यांना ठार करतो, या वेळी प्रत्येक घाव ऐकू येतो. "पुन्ना मारतोच की," गफूरभाई म्हणाले. "मंग दवा सोडून फायदा काय झाला?" मी म्हटलं, आता त्याला ऐकू येतं. "व्हय," ते म्हणाले, "म्हणून थकून खाली बसला शेवटी. ते बराबर दाखवलं." पुढच्या रविवारी गादी पुरी करताना त्यांनी तोच चित्रपट पुन्हा लावायला सांगितलं, आणि त्यानंतर किती वेळा पाहिला असेल सांगता येत नाही. मोबाइलवर घेऊन ठेवला होता. पहिला तास पळवून थेट पेल्यापाशी येत.

ओट्यावर जाणं त्यांनी त्याच महिन्यात सोडलं. पहिले काही दिवस वाईट गेले. दोनदा बाहेर जाऊन ओकले. मी भिंतीकडे तोंड करून बसलेलो, त्यामुळे हे सगळं मला पाठीमागून कळे. "करवत बोलते बाबू," एकदा म्हणाले. "बरगडीला लावली की येगळं, कवटीला लावली की येगळं. सतरा साल झाले, आमाला आज कळून राहिलं." मी म्हटलं, त्रास होत असेल तर पुन्हा घ्या थोडी. ते म्हणाले, "तुमी खुर्ची फिरवा, मंग आमी घेतो." मी फिरवली नाही.

शिवण्यात मात्र फरक पडला. आधी सगळीकडे चालतं तसं ते सुतळीने मोठे मोठे टाके घालून मोकळे होत. आता ते गादीवाला टाका घालू लागले, आतून घेतलेला. वेळ लागायचा. बाहेर पोलीस, नातेवाईक, रिक्षावाला, सगळे खोळंबलेले असायचे. एकदा हवालदार ओरडला तर आतूनच म्हणाले, "मुडद्याला घाई न्हाई साहेब, घाई जित्यायला. माय आंघोळ घालीन याला. तिच्या हाताला सुतळी लागंल."

गेल्या पावसाळ्यानंतर एका विवाहितेला आणलं. सासरच्यांनी गळफास सांगितला होता, पंचनाम्यातही तेच होतं. इथे मला माझी चूक लिहायची आहे. दहा वर्षांत फॉर्म पाठ झाले होते. मॅडम, म्हणजे आमच्या नव्या डॉक्टर, हातमोजे घालेपर्यंत मी रकाने भरून ठेवत असे. गळफास असेल तर ही वाक्यं, बुडून असेल तर ती. त्या दिवशीही "इतर जखमा नाहीत" इथपर्यंत लिहून झालं होतं. मागून गफूरभाईंनी विचारलं, "काय लिवून राहिले बाबू?" त्यांना वाचता येत नसे. मी वाचून दाखवलं.

मग ते म्हणाले, "आमी अजून चादर काढली न्हाई, अन् तुमी लिवून मोकळे?"

मॅडमनी माझ्या हातातून फॉर्म घेतला, फाडला नाही, नुसता उलटा ठेवला. चादर काढली. मानेवर दोरीचा वळ होता, पण केसांखाली मागच्या बाजूला चार नखं रुतल्याच्या खुणा होत्या, आणि डाव्या कुशीत दोन बरगड्या मोडलेल्या. त्या खुणा गफूरभाईंना आधी दिसल्या. मॅडमनी सगळं नव्याने सांगितलं, मी नव्याने लिहिलं. भिंतीकडेच तोंड करून.

नवरा अटकेत गेला. सासरच्या लोकांनी डॉक्टरांना हात लावला नाही, मलाही नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की फॉर्म तयार होता, त्या पिंजाऱ्याने बदलायला लावला. कुणी सांगितलं हे मला अजून कळलेलं नाही. त्या खोलीत आम्ही तिघंच होतो, पण मी ही गोष्ट कौतुकाने दोन ठिकाणी बोललो होतो.

त्या मंगळवारी आम्ही दोघं वाशिमहून परत येत होतो. जीप चहाला थांबली. गफूरभाई हात धुवायला रस्त्याच्या कडेला गेले, तिथे दोन मोटारसायकली आल्या. तिघांपैकी दोघं त्या बाईचे दीर होते, तिसरा नवऱ्याचा मामा. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. ते खाली बसले तेव्हा डोक्यावर. मी वीस पावलांवर बाकावर होतो. माझ्या हातात चहाचा कप होता आणि मी तो खाली ठेवला नाही. त्यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. टामी वर जाताना पाहिली, सहा वेळा. मला आवाज आला नाही. खरंच आला नाही. हॉटेलवाला धावत गेला तेव्हा मला त्याचे शब्द ऐकू आले, आणि तोवर मोटारसायकली निघून गेल्या होत्या.

बुधवारी सकाळी मी फॉर्म घेऊन गेलो, तर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही साक्षीदार आहात. तुम्हाला लिहिता येणार नाही." दुसऱ्या लिपिकाला बोलावलं होतं. तो माझ्या खुर्चीत बसला, भिंतीकडे तोंड करून. माझ्या हातात कागद नव्हता, पेन नव्हतं, बसायला जागा नव्हती. मॅडम म्हणाल्या, बाहेर थांबलात तरी चालेल. मी आत थांबलो. टेबलाच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि पाहिलं. दुसऱ्या गावाहून बोलावलेला माणूस त्याची दवा घेऊन आला होता, वासावरून कळत होतं. त्याने करवत लावली... गफूरभाई खरं सांगत होते. ती बोलते. आणि तिच्या मागोमाग कालचे सहा घावही मला ऐकू आले, एकेक करून, वेगवेगळे.

काम संपल्यावर त्या माणसाने सुतळी काढली. दोन टाके घातले. मी म्हटलं, मला द्या. त्याने हात थांबवला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग लिपिकाकडे. "कागद पूर्ण झाले?" तो म्हणाला, झाले. "मग शिवू द्या त्यांना." दाभण खिडकीतल्या डब्यात होती. मी त्याची सुतळी कापून काढली, दोरा ओवला आणि गळ्यापासून सुरुवात केली. पाऊण तास लागला. तीन ठिकाणी उसवून पुन्हा घातले. कुठेही तांदळाएवढा झाला नाही, गव्हाएवढा झाला असेल.

दुपारी घरी गुस्लला रहीमचाचा बसले. भावाला त्यांनीच आंघोळ घातली. मी अंगणात इतर माणसांत उभा होतो. बाहेर आल्यावर हात पुसत त्यांनी विचारलं, "टाका कोनाचा?"

"माझा."

"कच्चा हाय," ते म्हणाले. थोडा वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिले. "पन आतून घेतला."

पोलिसांना मी तिघांची नावं सांगितली आहेत. कपाचंही सांगितलं. कपाचं त्यांनी लिहून घेतलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

आता खुर्ची टेबलाकडे तोंड करून आहे. चादर काढेपर्यंत मी पेन उघडत नाही. दाभण रहीमचाचांनी परत नेली नाही, ती खिडकीतल्या डब्यात आहे, आणि शिवायचं काम नवा माणूस येईपर्यंत माझ्याकडे आहे.