देवीच्या परवानगीचा नास्तिक

"लाव! लाव हात त्या नारळाला! न्हायतर होडीच्या सावलीतबी उभा राहू नको!"

ओरडत होता तो माझा बाप, आमच्या होडीचा तांडेल. वादळात शिडाला लटकलेल्या माणसाला खालून दिलेली शिवी नीट ऐकू जावी म्हणून देवानं त्याला तो गळा दिला, असं लोक म्हणत. देवाबद्दल मला तेव्हाच शंका होती, गळ्याबद्दल कधीच नव्हती. बाप पुळणीवर ओरडला की तिकडे बोर्लीच्या बाजारात वाण्यांच्या तागड्या हलत. मी स्वतः पाहिलंय. म्हणजे, ज्यानं पाहिलं त्याला मी पाहिलंय.

दिवस नारळी पुनवेचा. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झालेली, मी अठरा वर्षांचा, आणि अख्खा कोळीवाडा नव्या कपड्यांत पुळणीवर. आमच्याकडची रीत अशी, की सोनेरी कागद लावलेला नारळ दर्यात सोडण्याआधी होडीवरच्या प्रत्येकाच्या हातातून फिरतो. सगळ्यांचे हात लागले की तो दर्याला द्यायचा. मग हंगामभर ती सात माणसं त्या होडीची आणि होडी त्यांची. ज्याचा हात लागला नाही, त्याची जागा हंगामापुरती गेली. नारळ सहा जणांच्या हातांतून फिरून माझ्यापाशी आला होता, आणि मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होतो.

"मी नास्तिक आहे," मी म्हटलं.

दर्यानं एक लाट अर्ध्यात गिळली. खोटं वाटेल, पण गिळली.

नारळ हातात धरून माझा सख्खा मामा उभा होता. आमच्या होडीवरचा सगळ्यात जुना खलाशी. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कधीपासून रे?"

"चैत्रापासून."

"ताप येतो?"

"मामा, नास्तिक म्हणजे देव न मानणारा माणूस."

"बरं. मग सण कंचा करता तुम्ही?"

"कुठलाच नाही."

"कुठलाच न्हाय?" मामा खरोखर हळहळला. "मग गोड कधी खाता?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. पुस्तकाचं सांगायचं तर, मी म्हसळ्याला सातवीपर्यंत शिकलो आणि पुढं दोन वर्षं तिथंच एका मास्तरांच्या घरी राहिलो. त्यांच्या कपाटात देव या विषयावर एक जाडजूड पुस्तक होतं. पहिली बारा पानं वाळवीनं खाल्लेली. त्या बारा पानांत देव आहे की नाही असा प्रश्न विचारला असावा. माझ्या वाट्याला तेराव्या पानापासून थेट उत्तरच आलं, आणि ते 'नाही' असं होतं. इतकं ठाम, की मी त्याच संध्याकाळी मास्तरांना म्हणालो, मी नास्तिक झालो. मास्तर म्हणाले, आधी कपाटात कडुलिंबाचा पाला घाल. माझ्या दीक्षेचा सोहळा एवढाच.

पण थट्टा बाजूला. मला होडी हवी होती. पाच वर्षांचा असल्यापासून बापाच्या मागं सुकाणूपाशी बसायचं स्वप्न बघत मी म्हसळ्याच्या डोंगरात, समुद्राचा वासही येत नाही अशा ठिकाणी, दिवस काढले होते. जागा गेली असती तर वर्षभर मी काय करणार होतो? आईबरोबर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घालणार, आणि टोपली डोक्यावर घेऊन बोर्लीला बायकांच्या रांगेत बसून विकणार. अठरा वर्षांच्या कोळ्याच्या पोरासाठी याहून बुडालेलं बरं.

आईनं घासाघीस सुरू केली. मासळी विकून तिची जीभ तयार झालेली.

"एक हात लाव. दोन नको."

"नाही, आये."

"बोट लाव."

"नाही."

"करंगळी! करंगळीनं कोण आस्तिक होतं रे मेल्या?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"कुठं दुखतं ते दाखव, तेल लावते." मग ती बाकीच्या बायकांकडं वळली. "बघा गो, नारळ कुणाला चावल्याचं ऐकलंय का कधी?"

बाकीचे खलाशी एकमेकांत पुटपुटत होते. असा माणूस होडीत घेतला तर जाळ्यात चिखलसुद्धा येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. बाप आता ओरडत नव्हता. नुसता नारळाकडं बघत होता.

तेव्हा मामा म्हणाला, "आपण कशाला भांडायचं? जिला हा मानत न्हाय, तिलाच विचारू. देवीला कौल लावू."

कौल म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. गुरव देवीच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडं, एक डावीकडं, आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, हरवलेली म्हैस, सगळं या दोन पाकळ्यांवर चालायचं. ज्याचं गाऱ्हाणं असेल त्यानं पाकळ्या धुऊन गुरवाच्या हातात द्यायच्या. माझ्याबद्दलचं गाऱ्हाणं माझ्या बापाचं, म्हणून तो तगरीची फुलं घेऊन आत गेला. मी तत्त्वानं उंबऱ्याबाहेर. माझ्यामागं उभ्या असलेल्या लोकांची गर्दी थेट श्रीवर्धनपर्यंत लागली होती, निदान मला तरी शेवट दिसत नव्हता.

गुरवानं पाकळ्या लावल्या, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं.

"हे आई, या पोराचं म्हणणं हाय की तू न्हाईस."

सगळा गाव "व्हय आई" म्हणाला. तशी रीतच आहे, गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला व्हय म्हणायची.

"तर तू न्हाईस असं म्हणणारा माणूस होडीवर घ्यावा..."

उजवी पाकळी टपकन पडली. गुरवाचा 'का' अजून तोंडात होता. चाळीस वर्षांत एवढी घाईची देवी त्यानं पाहिली नव्हती. तो डोळे विस्फारून पाषाणाकडं बघत राहिला. बाहेर लोकांनी असा गजर केला, की देवळाच्या कौलांवरची कबुतरं पार तळा गावापर्यंत उडून गेली आणि चार दिवस परत आली नाहीत.

आणि मी उंबऱ्याबाहेर हादरून उभा. माझी अडचण कुणाच्या लक्षातच येईना.

"मला हे मान्य नाही," मी म्हणालो. "जी नाहीच, तिची परवानगी मी कशी घेऊ?"

"म्हंजे तू तिचा हुकूम मोडणार?" मामा म्हणाला.

"मोडणार नाही, मानणार नाही."

"जी न्हाय तिच्यावर रुसलास तू? आम्ही मानतो आणि तिच्याशी भांडत न्हाय. तू मानत न्हाईस आणि सकाळपासनं तिच्याशीच भांडतोयस. आमच्यापरीस तुझीच जवळीक जास्त दिसते."

या माणसानं एकही बुक वाचलेलं नव्हतं, हे मी मुद्दाम नमूद करून ठेवतो. मी बापाकडं पाहिलं. तो देवळातून बाहेर येऊन ओले हात कमरेच्या रुमालाला पुसत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "भरती थांबणार न्हाय." मग मी होडीत चढलो. नारळाला हात न लावता होडीत चढलेला त्या किनाऱ्यावरचा मी पहिला माणूस.

मला वाटलं, सुटलो. खरा जाच तिथून सुरू झाला. आत्तापर्यंत मी माझ्या मनानं नास्तिक होतो. आता मी देवीच्या हुकमानं नास्तिक झालो, आणि तो हुकूम पाळला जातो की नाही हे बघायला अख्खा कोळीवाडा टपलेला. गौरी आल्या, घराघरांत करंज्या तळल्या. मी ताटाकडं हात नेला की मावश्या ताट उचलायच्या. "तुला न्हाय हो चालत! देवीचा कौल हाय!" आरतीत पाय जरा ठेका धरायला लागला की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून बाहेर आणून सोडायचं, दारू प्यालेल्याला सोडतात तसं. शेजारणीच्या नातवाला ठेच लागली तेव्हा माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं, तर बाईनं चारचौघांत मला माफी मागायला लावली. कुणाची माफी मागायची यावर तिथंच अर्धा तास वाद झाला.

तळ्याहून पाहुणे आले की त्यांना आधी समुद्र दाखवत, मग मला. "हा आमचा नास्तिक. देवीनं ठेवलाय." पाहुणे मान हलवायचे. एका म्हातारीनं तर मला वाकून नमस्कारच केला.

तेराव्या पानानंतर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. नास्तिक असणं म्हणजे काय, तर एकट्यानं विचार करणं, असं त्या पुस्तकाचं म्हणणं. आमच्याकडं एकट्यानं काही करायची सोयच नव्हती. माझं न मानणंसुद्धा गावानं चालवायला घेतलं होतं.

मग आश्विनात एका दुपारी वारा फिरला. आम्ही किनाऱ्यापासून इतके लांब होतो, की आणखी दोन वाव पुढं गेलो असतो तर अरबी बोलावं लागलं असतं. काळं आभाळ एकदम पाण्यावर टेकलं आणि लाट उठली. तिची उंची मी सांगत नाही, कारण दर वर्षी ती वाढते आणि आता ती आमच्या गावामागच्या डोंगराच्या वर गेली आहे. शीड उतरवलं, जाळं तोडून दिलं, करण्यासारखं सगळं करून झालं. मग सहाच्या सहा जणांनी हात जोडले. "आई, सांभाळ!"

माझे हात पुढं गेले. दोराकडं. मी आजही शपथेवर सांगतो, दोराकडं गेले. कशाची शपथ ते विचारू नका.

मामानं ते पाहिलं आणि लाटेच्याही वर किंचाळला. "हात खाली! खबरदार जोडलेस तर! तू कौलावर चढलायस, तू फिरलास तर आपण सगळे बुडू!"

"दोर धरतोय, मामा!"

"दोर तिकडं हाय!"

तेवढ्यात बाप, एका हातानं सुकाणू धरून आणि दुसरा हात छातीशी जोडून अर्धी प्रार्थना करत असलेला, माझ्यावर ओरडला, "इकडं ये! तुझे दोन्ही मोकळे हायत. धर हे." आणि पाच वर्षांचा असल्यापासून जे मी मागत होतो ते सुकाणू माझ्या हातात आलं. मी ते छातीनं, गुडघ्यांनी, दातांनी धरलं. बाप मागं उभा राहून मिनिटभर दोन्ही हातांनी देवीला सांगत होता आणि मधूनमधून मला, "डावीकडं दाब, गाढवा, डावीकडं!" देवी आणि मी, म्हणजे आम्हा दोघांपैकी कुणी ऐकलं कुणास ठाऊक. दिवस मावळायच्या आत होडी वाळूला लागली.

पुळणीवर मी म्हणालो, सुकाणू मी धरलं होतं. खलाशी म्हणाले, धरलंस ना, म्हणून तर देवीनं तुला घ्यायला सांगितलं. तिला ठाऊक होतं, त्या घडीला कुणाचे तरी हात मोकळे लागणार. माझ्या नास्तिकपणाचं श्रेयही तिनंच नेलं. जाळं गेलं तरी माझी जागा पुढच्या हंगामाला पक्की झाली. हात न लावताच.

त्यानंतर आठवडाभरानं गुरवानं मला विहिरीपाशी गाठलं. आजूबाजूला बघून घेतलं.

"तुलाच सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय न्हाय. त्या दिवशी तुझ्या बापानं दिलेली उजवी पाकळी कोरडी ठणठणीत होती. चिकटणार कशी? मी थुंकी लावून कशीबशी टेकवली. चाळीस वर्षांत माझ्याशी असं कुणी वागलं न्हाय."

मी धावतच पुळणीवर गेलो. बाप पालथी घातलेल्या होडीच्या आडोशाला बसून नवं जाळं विणत होता. नारळी पुनवेला सगळ्या गावादेखत मला होडीच्या सावलीतून हाकलणारा हाच माणूस. देवीचं नाव घेतल्याशिवाय पाण्यात पाय न टाकणारा. आणि यानं तिच्याच देवळात, तिच्याच समोर, रुमालात पाकळी पुसली होती. मी नास्तिक, पण एवढं धाडस मला झालं नसतं.

"बा," मी म्हणालो, "गुरवानं सांगितलं मला. तू देवीला फसवलंस?"

तो विणत राहिला.

"मी मानत नाही, माझी गोष्ट वेगळी. पण तू मानतोस. तुला तिची भीती नाही वाटली?"

बापानं दातानं दोरा तोडला.

"तिलाबी पोरं हायत," तो म्हणाला.