खणाचा रंग

देवीचं नाव घेऊन मी वर्षानुवर्षं एक खोटी गोष्ट सांगत आलो आणि ती गोष्ट माझ्या सख्ख्या भाचीनं खरी मानली, तिथून हा अनुभव सुरू होतो. अनुभव लिहिणाऱ्यांच्या आयुष्यात आजार येतो, अपघात येतो. माझ्या आयुष्यात सत्कार आला. मी तसा कमी बोलणारा माणूस. पंचवटीत माझं हार-फुलांचं दुकान आहे, लग्नाच्या मंडपांची सजावटही करतो. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझी बायको सुमन करते, मी खाली मान घालून हार ओवतो. अशा माणसाच्या हातात माइक देऊ नये. पण दिला.

आमच्या समाजात दरवर्षी निकाल लागले की गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार असतो. हार माझ्याकडून, फुकट, म्हणून स्टेजवरची कडेची खुर्चीही माझी. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांची गाडी वाटेत अडकली आणि वेळ काढायला सूत्रसंचालकानं मला उभं केलं. म्हणाला, "आपल्या या बंधूंना तरुणपणी मनमाडला रेल्वेत नोकरी लागली होती. ती सोडून त्यांनी धंदा उभा केला. का सोडली, ते त्यांच्याच तोंडून ऐकू." समोर पोरं, त्यांच्या आया, सगळे माझ्याकडे बघत होते. खरं कारण छोटंसं होतं, पण ते सुमनखेरीज मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी म्हणालो, "देवीची इच्छा." टाळ्या पडल्या. तिथंच खाली बसलो असतो तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी लोकांनी विचारलं, म्हणजे नेमकं काय झालं? मग भाषणात मी सप्तशृंगी गडावर गेलो आणि एका पायरीवर बसून रडलो. त्याच्या पुढच्या वर्षी त्या पायरीवर एक म्हातारी आली, तिनं माझ्या हातावर झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाली, "बाळा, दुसऱ्याची चाकरी कशाला करतोस?" मी वर बघतो तर ती नाहीशी. तिला मी हिरवी साडी नेसवली होती, पुढंपुढं साडीला जरीचे काठही लावले. आया पदरानं डोळे पुसायच्या. कार्यक्रमाला निघताना हारांची टोपली माझ्या हातात देत सुमन विचारायची, "यंदा म्हातारी कोणत्या साडीत आहे?"

आता खरं काय ते लिहितो. मला लाल आणि हिरवा रंग ओळखता येत नाही, जन्मापासून. दोन्ही मातकटच दिसतात. निवड झाल्यावर रेल्वेच्या मेडिकलला ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरतात, त्या ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. बाकीच्यांना तो दिसला, मला नुसते ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, पुढचं पान बघा. पुढच्या पानावरही ठिपकेच. सिग्नल न कळणाऱ्या माणसाला रेल्वेनं घेतलं नाही आणि यात रेल्वेचं काहीच चुकलं नाही. ज्या दिवशी मला गडावर दृष्टांत झाला असं मी सांगत असे, त्या दिवशी मी नाशकात मिसळ खात होतो, जास्तीचा पाव मागून. आणि फुलांकडे वळलो ते सासऱ्यांच्या दुकानात माणूस हवा होता म्हणून. फुलं निवडायला सुमन, ओवायला मी, असा आमचा संसार चालत आला. ती एकदा माहेरी गेली असताना लाल मंडपाच्या ऑर्डरीला मी हिरवं कापड लावून आलो आणि चूक कळल्यावर यंदा हीच फॅशन आहे असं ठासून सांगितलं. पुढच्याच लगीनसराईत दोघांनी येऊन हिरवा मंडप मागितला. लोक कशाकशाचं अनुकरण करतात हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझी धाकटी बहीण मंदा कळवणजवळच्या गावात दिली आहे. तिची मुलगी प्रणाली अभ्यासासाठी आमच्याकडे राहायची. माझं ते भाषण ती शाळेत असल्यापासून पुढच्या रांगेत बसून ऐकत आली. मागच्या वर्षी ती सहायक स्टेशन मास्तरच्या परीक्षेत निवडली गेली. मेडिकलही पास झाली, रुजू व्हायची तारीख आली आणि पोरगी म्हणाली, मी जाणार नाही. मंदाचा फोन आला. "दादा, लय डोक्यात घेतलंय तिनं. म्हणती, मामानं पन नोकरी लागून सोडली. तूच सांग तिला, ती फक्त तुझंच ऐकती." मी म्हणालो, सांगतो. फोन ठेवला आणि समोरची शेवंती ओवत बसलो.

रात्री जेवताना मी प्रणालीला विचारलं, "नोकरी सोडून करणार काय?"

"ते अजून ठरलं नाही."

"मग सोडतेस कशाला?"

"मामा, आधी सोडायची, मग सुचतं. तुमचंही तसंच झालं ना?"

सुमननं माझ्या पानात भाजी वाढली, मी मागितली नव्हती तरी. प्रणालीनं तर सगळं ठरवून टाकलं होतं. रविवारी मला घेऊन गडावर जायचं, माझ्या त्या पायरीवर बसायचं, देवीला विचारायचं. मला नाही म्हणता येईना. ज्या मुलीच्या घरात आजवर कुणाला महिन्याचा पगार माहीत नाही, तिच्या हातातली नोकरी मी एका कधीच नसलेल्या म्हातारीच्या जोरावर घालवत होतो. रात्रभर मनात म्हणत होतो, सकाळी सांगून टाकू. सकाळी आम्ही एसटीत बसलो.

आता गडावर ट्रॉली झाली आहे, बसलं की वर. पण प्रणाली म्हणाली, तुम्ही तेव्हा पायी गेला होतात ना? मग पायी निघालो. प्रत्येक वळणावर ती विचारी, "मामा, हीच का?" मी म्हणे, अजून वर. शेवटी माझे गुडघे बोलायला लागले आणि ज्या पायरीवर दम लागला तीच मी ती पायरी म्हणून दाखवली. ती तिथं डोळे मिटून बसली, मग पायरीवर डोकं टेकलं. पर्समधून कुंकू काढून एक बोट लावलं. मी दुसरीकडे बघत राहिलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तोंडात बसलेलं खोटं काढणं फार अवघड असतं. मला तर ते काढलं की मागं काय उरेल याचीच भीती वाटत होती. दुकानातल्या भिंतीवर सत्काराचे फोटो आहेत, त्यातल्या कुठल्या माणसाला मग ‘मी’ म्हणणार?

दर्शनाच्या रांगेत मी मनात देवीशी सौदा केला. आई, तूच ठरव. पुजारी प्रसाद म्हणून खण देतील. लाल खण मिळाला तर थांबायचं, सगळं सांगून टाकायचं. हिरवा मिळाला तर चालू दे, गप्प बसायचं. जे सिग्नल कळत नाहीत म्हणून रेल्वेनं मला घरी पाठवलं, तेच मी देवीला मागत होतो आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही. त्यातही लबाडी होती. ओटीत बहुतेक हिरवेच खण येतात असं सुमन म्हणते, ते मी ऐकून ठेवलं होतं.

देवीपुढं उभा राहिलो. एवढी मोठी मूर्ती, एवढे हात, आणि सगळे आपल्याकडेच आलेत असं वाटावं असं ते रूप. पुजाऱ्यांनी आमची ओटी घेतली, बाजूच्या ढिगातून एक खण उचलून माझ्या हातावर ठेवला. बाहेर उन्हात येऊन मी तो बघितला. मातकट. उलटा केला, मातकट. सावलीत नेला, तरी तसाच. माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं.

प्रणाली नारळ फोडायला गेली होती. जवळ एक बाई सासूला घेऊन टेकली होती, कळवणकडचीच असावी. अशा वेळी माझी एक जुनी युक्ती आहे, आपण रंगाचं कौतुक करायचं म्हणजे समोरचा त्याचं नाव घेतो.

"काय सुरेख रंग आहे ना, ताई?"

"हां, चांगला हाय."

"तुमच्याकडे या रंगाला काय म्हणतात?"

"रंगच म्हनत्यात."

"नाही, म्हणजे दुकानात असा खण घ्यायचा झाला तर काय सांगून मागाल?"

तेवढ्यात सासू म्हणाली, "नको गं घेऊ. गडावर महाग लावत्यात."

"आम्हाला नाय घ्यायचा, भाऊ," ती बाई म्हणाली. "आमची ओटी झाली."

"अहो, मी विकत नाही."

"मंग सकाळधरनं खण घेऊन कशापायी फिरता?"

सकाळधरनं नव्हे, पण खरंच, कशापायी फिरत होतो? आयुष्यभर असाच फिरत आलो होतो. मी म्हणालो, "ताई, मला लाल-हिरवं कळत नाही. जन्मापासून कळत नाही. हा लाल आहे की हिरवा, तेवढं सांगता का?"

ती हसली नाही. तिनं खण हातात घेतला, उन्हात धरला, दोन्ही बाजूंनी नीट बघितला, जसं काही तिला कुणी मोठं काम सांगितलं होतं. "हिरवा हाय, भाऊ. पोपटावानी."

"याला दिसत नाय का गं?" सासूनं विचारलं.

"दिसतं आत्याबाई, रंग कळत नाय."

"मंग बायको कशी पसंत केली?"

हिरवा. म्हणजे गप्प बसायची परवानगी मिळाली होती. मी मागं वळलो तर हातात फोडलेला नारळ घेऊन प्रणाली उभी. तिचंही मेडिकल नुकतंच झालेलं, दुसऱ्या कुणाला समजावून सांगावं लागलं असतं ते तिला क्षणात कळलं.

"मामा, ते ठिपक्यांचं पुस्तक."

"हो."

"आकडा दिसला नव्हता?"

"नव्हता."

"आणि म्हातारी?"

"कुणी नव्हती."

"हिरव्या साडीतली..."

"मला हिरवी कुठून दिसणार, बाळ?"

तिनं हातातला नारळ माझ्याकडे दिला. मग एवढंच म्हणाली, "मी तारीख जाऊ देणार होते, मामा." आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. ती पायऱ्या उतरायला लागली, मी खण आणि नारळ सांभाळत तिच्या मागं. विचित्र असं की लाज होती, पण ओझं नव्हतं.

उतरताना आमची पायरी आली. तिच्यावर आता कुंकवाची अनेक बोटं उमटली होती, हळद पडली होती, कुणी झेंडूची फुलंही वाहिली होती. प्रणालीला डोकं टेकताना कुणी पाहिलं असेल, त्याला बघून दुसऱ्यानं केलं असेल. एक गृहस्थ आपल्या मुलाची मान खाली दाबून सांगत होते, "टेक डोकं. जागृत पायरी आहे ही."

प्रणालीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आणि ती हसायला लागली. कठड्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "सांगा आता त्यांना," म्हणाली. ते गेल्यावर मीही वाकून नमस्कार केला. मग आम्ही तिथंच खालच्या पायरीवर बसून नारळ खाल्ला.

"तुम्हाला घेतलं असतं रेल्वेनं, तर गेला असतात?"

"धावत."

"आणि फुलांचं?"

"सुचलंही नसतं. माझ्यापुढं दोन वाटा नव्हत्याच, प्रणाली. एक बंद झाली, दुसरीवर सासरे उभे होते."

तिनं खोबरं संपवलं, हात झटकले. "माझ्यापुढं आहेत," म्हणाली. "मी जाऊन बघते. नाही पटलं तर सोडीन. पण मग सोडायचं कारण माझं असेल, तुमच्या म्हातारीचं नाही." रांगेत मी खणाच्या रंगावरून देवीला कौल मागितला होता, तेही मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, "हिरवा मिळाला तर काय करायचं ठरवलं होतं?"

"गप्प बसायचं."

"देवीनं तर दिला की तुम्हाला हवा तो."

दिला. जे मागितलं तेच दिलं, लबाडी करून मागितलं तरी दिलं. फक्त ते मला दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला लावलं. मी चमत्कार म्हणत नाही. ढिगातला वरचा खण पुजाऱ्यांनी उचलला, जवळच्या बाईनं रंग सांगितला, झालं ते एवढंच. पण शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात जोडणं असं मी समजत होतो. मला न दिसणारं मला दिसत नाही असं दुसऱ्याला सांगता येणं, हे माझ्या वाट्याचं शरण जाणं होतं आणि ते मी देवळाबाहेर, एका अनोळखी बाईपुढं शिकलो. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

यंदाच्या सत्काराला मी ठिपके आणि मिसळ सांगितली. डोळे कुणी पुसले नाहीत, हसले मात्र पुष्कळ, आणि पुढच्या रांगेत सगळ्यात मोठ्यानं सुमन. स्टेजवरची खुर्ची पुढल्या वर्षी राहते का बघू. हार माझेच असतील.

प्रणालीची नेमणूक मनमाडलाच झाली, परवा मंदानं दिलेला डबा घेऊन तिथं गेलो. ती ड्युटीवर होती, म्हणून लांबच थांबलो. न थांबणारी गाडी येत होती. ती पांढऱ्या शर्टात बाहेर आली, हातात दोन गुंडाळलेले झेंडे. त्यातला एक उघडून तिनं हात लांब केला आणि गाडी धडधडत तिच्या समोरून निघून गेली. शेजारी एक गृहस्थ बाकावर बसले होते. मी त्यांना विचारलं, "भाऊ, तिनं कोणता दाखवला हो?"

"हिरवा," ते म्हणाले.

मी डबा खाली ठेवला आणि हात जोडले.